2029 मध्ये राहुल गांधींना संधी किती? बेळगावच्या मतमोजणीच्या टेबलावरून

बेळगावजवळच्या उचगावचा एक मुलगा सध्या पुण्यात नोकरीला आहे. त्यानं विचारलंय: "काका, 2029 च्या लोकसभेला राहुल गांधींना खरोखर संधी आहे का? आमच्या घरात वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे, थोरला भाऊ भाजपचा, आणि मला बदल हवाय. पण सीमाभागातून काँग्रेसला दिलेलं मत दिल्लीपर्यंत पोचतं का, की वाया जातं?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. आजच्या घडीला त्यांची पंतप्रधान होण्याची शक्यता निम्म्याहून कमी आहे. काँग्रेसच्या जागा 2024 च्या 99 वरून वाढण्याची शक्यता मात्र चांगली आहे. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे ते कशामुळं पडलंय, हे बेळगाव जिल्ह्यात जेवढं लख्ख दिसतं तेवढं टीव्हीवरच्या चर्चेत दिसत नाही.

मी गेली तीस वर्षं निवडणुकीची कामं करतोय. सुरुवात समितीचा, म्हणजे बेळगावचा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचा, पोलिंग एजंट म्हणून झाली, पुढं मतमोजणी प्रतिनिधी झालो आणि नंतर वेगवेगळ्या उमेदवारांसाठी बूथचा हिशेब मांडत राहिलो. मतदान संपल्यावर प्रत्येक बूथवर 17-क चा कागद मिळतो, त्यावर किती मतं पडली ते असतं. निकालानंतर फॉर्म 20 येतो, त्यावर कुणाला किती पडली ते असतं. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायची सवय लागली की भाषणांवर फार विसंबावं लागत नाही. पुढचं सगळं त्या सवयीतून आलेलं आहे.

2023 च्या मे महिन्यात जिल्ह्यातल्या 18 विधानसभा जागांपैकी 11 काँग्रेसनं घेतल्या आणि 7 भाजपनं. या अठरांपैकी आठ बेळगाव लोकसभेत येतात, आठ चिक्कोडीत, आणि खानापूर व कित्तूर उत्तर कन्नड लोकसभेत. बेळगावच्या आठांत काँग्रेसचे पाच आमदार झाले: बेळगाव उत्तर, ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग. भाजपकडं तीन राहिले: बेळगाव दक्षिण, गोकाक, अरभावी. चिक्कोडीतही काँग्रेस पाच आणि भाजप तीन, अगदी तेवढंच.

वर्षभरात लोकसभा आली. चिक्कोडीत काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी 90,834 मतांनी निवडून आल्या. बेळगावात काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर 1,78,437 मतांनी पडले. उत्तर कन्नडमध्ये काँग्रेसनं खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकरांना उभं केलं होतं, त्या 3,37,428 मतांनी हरल्या. जिल्हा एक, राज्यातलं सरकार एक, त्या सरकारच्या मदतीच्या गॅरंटी योजना त्याच आणि राष्ट्रीय नेताही तोच. तरी निकाल तीन तऱ्हेचे. नेत्याच्या नावावर मत पडत असतं तर तिन्हीकडचा कल एका दिशेचा दिसला असता.

चिक्कोडी जिंकली ती सतीश जारकीहोळींच्या घरानं. ते प्रियांकांचे वडील आणि तेव्हा राज्यात मंत्री. तालुक्या-तालुक्यात त्यांची माणसं आहेत. 2023 ला भाजप सोडून आलेले लक्ष्मण सवदी अथणीतून काँग्रेसचे आमदार झाले होते. भाजपमध्ये जोल्ले दांपत्याविषयी (नवरा तेव्हाचा चिक्कोडीचा खासदार, बायको निपाणीची आमदार) आतून धुसफूस होती. शिवाय उमेदवार सत्तावीस वर्षांची, नवी. लोकांनी घराकडं बघून मत दिलं. 2014 ला मोदींची पहिली लाट असताना याच चिक्कोडीत प्रकाश हुक्केरी काँग्रेसकडून निवडून आले होते, अवघ्या 3,003 मतांनी. ते मतही माणसाकडं बघूनच पडलं होतं. म्हणजे चिक्कोडी काँग्रेसला मिळू शकते, पण स्थानिक माणूस खमका असेल तरच.

बेळगावची गोष्ट जरा बारकाईनं बघ. 2019 ला भाजपच्या सुरेश अंगडींना 7,61,991 मतं पडली आणि काँग्रेसच्या साधुन्नवरांना 3,70,687. फरक 3,91,304. त्या वेळी समितीनं निषेध म्हणून ढीगभर अर्ज भरले होते आणि रिंगणात पन्नासहून जास्त उमेदवार होते, तुझ्या वडिलांना आठवत असेल. 2024 ला भाजपच्या जगदीश शेट्टरांना 7,62,029 मतं पडली. 2019 चा आकडा आणि हा आकडा यांत 38 मतांचा फरक आहे. शेट्टर हुबळीचे. 2023 ला काँग्रेसमध्ये गेलेले आणि वर्षाच्या आत परत आलेले. त्यांना तिकीट दिलं म्हणून भाजपच्याच कार्यकर्त्यांत नाराजी होती. तरी पक्षाचा आकडा जागचा हलला नाही. काँग्रेसची मतं मात्र 3,70,687 वरून 5,83,592 वर गेली. पाच वर्षांत दोन लाखांहून जास्त वाढ.

हा आकडा राहुल गांधींच्या बाजूनं जातो, आणि मी तो मुद्दाम सांगतोय, कारण पराभवाच्या बातमीत तो हरवला. नवीन मतं काँग्रेसकडं आली. पण भाजपची जुनी मतं सुटली नाहीत. विरोधी पक्षाची बेरीज वाढली आणि सत्ताधाऱ्यांची वजाबाकी झालीच नाही, असं 2024 चं बेळगाव होतं.

या दोन निवडणुकांच्या मध्ये 2021 ची पोटनिवडणूक आहे. मला विचारशील तर आपल्या भागाबद्दल सर्वांत जास्त काही शिकवणारी निवडणूक तीच. सुरेश अंगडी कोविडनं गेले, त्यांच्या पत्नी मंगला अंगडी उभ्या राहिल्या. काँग्रेसनं सतीश जारकीहोळींना उतरवलं आणि समितीनं शुभम शेळकेंना. निकाल: भाजप 4,40,327, काँग्रेस 4,35,087, समिती 1,17,174. फरक फक्त 5,240. दोन वर्षांत भाजपची तीन लाखांहून जास्त मतं कुठं गेली? मतदानच बरंच कमी झालं, म्हणजे पुष्कळ जण घरी बसले. लाखभर मराठी मतं समितीकडं परतली. आणि पंतप्रधान निवडायचा नव्हता, एक खासदार निवडायचा होता.

म्हणून मी म्हणतो की आपल्याकडं भाजपची लोकसभेची मतं दोन थरांची आहेत. खालचा थर पक्षाचा, पक्का, साडेचार लाखांच्या आसपासचा. वरचा तीन लाखांचा थर दिल्लीच्या खुर्चीसाठी येतो. विधानसभेला तोच थर इकडं तिकडं जातो आणि काँग्रेसचे पाच आमदार होतात. राहुल गांधींची सगळी संधी या वरच्या थरात आहे. बेळगावातच नाही, कर्नाटकभर. 2024 ला राज्यात भाजपला 46 टक्के मतं आणि 17 जागा मिळाल्या. काँग्रेसला 45 टक्क्यांहून थोडी जास्त मतं आणि 9 जागा. मतांत काठावरचा फरक आणि जागांत दुपटीचा. दोन-अडीच टक्के माणसं सरकली तरी हे चित्र उलटं होतं.

मग ती सरकत का नाहीत? कर्नाटकाचा मतदार दिल्ली आणि बंगळूर वेगळं मोजतो, आणि ही सवय मोदींच्या आधीची आहे. 1984 च्या डिसेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतर राज्यातल्या 28 पैकी 24 जागा काँग्रेसनं जिंकल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंनी तो कौल मान्य करून विधानसभा विसर्जित केली, आणि मार्च 1985 ला त्याच मतदारांनी हेगडेंच्या जनता पक्षाला 139 जागा देऊन परत आणलं. तेव्हा ही सवय काँग्रेसच्या उपयोगी पडली, आता भाजपच्या पडते. 2013 ला राज्य काँग्रेसचं आणि 2014 ला भाजपच्या 17 जागा. 2023 ला काँग्रेस 135 आणि 2024 ला पुन्हा भाजपच्या 17. त्यामुळं 2028 ची विधानसभा काँग्रेसनं जिंकली तरी 2029 ची खात्री कुणी देऊ नये, आणि हरली तरी सगळं संपलं असं मानू नये.

गॅरंटी योजनांचं उदाहरण घे. राहुल गांधी 20 मार्च 2023 ला बेळगावात आले होते, युवा निधीची, म्हणजे बेरोजगार पदवीधरांच्या भत्त्याची, घोषणा त्यांनी इथूनच केली. पुढं घरच्या कर्त्या बाईला गृहलक्ष्मीचे महिन्याला 2,000 रुपये सुरू झाले. ज्या खात्यातून हे पैसे जातात त्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर, बेळगाव ग्रामीणच्या आमदार, म्हणजे तुझ्याच गावच्या. आणि लोकसभेला पडले ते मृणाल त्यांचेच चिरंजीव. मी 2024 च्या एप्रिलमध्ये गावोगाव फिरलो. बायका सांगायच्या, "पैसे येतात की, खोटं कशाला बोलू. पण ते राज्याचं. हे देशाचं." एका बाईनं मला पासबुक आणून दाखवलं आणि त्याच दमात सांगितलं की मत मोदींना. त्यात कृतघ्नपणा नव्हता. आमदाराचा हिशेब तिनं आमदाराच्या निवडणुकीत चुकता केला होता. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडात गेलं की तिथल्या बायकांना लाडकी बहीणचे 1,500 मिळतात आणि ते सत्ताधाऱ्यांनी दिले म्हणून 2024 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रभर सत्ताधाऱ्यांनाच मतं पडली. ज्याच्या हातात खजिना त्याला या योजनांचा उपयोग. दिल्लीत विरोधात बसलेल्या नेत्याला त्यातून फार काही मिळत नाही. राहुल गांधींच्या सल्लागारांनी हे बेळगावच्या निकालावरून शिकायला हवं होतं. मला तरी ते अजून शिकलेले दिसत नाहीत.

आता मराठी मतांबद्दल सांगतो. तुझा प्रश्न खरा तिथंच आहे आणि माझाही जीव तिथं अडकलेला आहे.

तुझ्या वडिलांच्या पिढीचा काँग्रेसवरचा राग समजून घे. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा दिल्लीत काँग्रेस, मुंबईत काँग्रेस आणि बंगळूरलाही काँग्रेस. 17 जानेवारीला आपण ज्या हुतात्म्यांना वंदन करतो ते त्या वर्षीचे. 1967 ला बेळगाव कर्नाटकाकडंच ठेवा सांगणारा महाजन आयोगाचा अहवाल आला, तेव्हाही दिल्लीत तेच सरकार. समिती उभी राहिली तीच काँग्रेसच्या समोर. पुढं 1986 ला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, तेव्हा राज्यात जनता पक्ष होता. म्हणजे गाऱ्हाणं एका पक्षापुरतं राहिलं नाही. पण पहिला घाव काँग्रेसच्या काळातला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिला घाव आठवतो.

त्यांची मुलं भाजपकडं गेली. शिवजयंतीची मंडळं, गणपतीची मंडळं, भगवा, हिंदुत्व, आणि 2014 नंतर मोदी. समितीचे दोन आमदार 2013 ला निवडून आले होते, खानापुरात आणि बेळगाव दक्षिणमध्ये. 2018 ला एकही नाही, 2023 ला एकही नाही. 2021 च्या महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपच्या. दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. समितीत दोन-दोन, तीन-तीन गट पडले, एकाच जागेवर दोन उमेदवार उभे राहिले, आणि मी स्वतः त्यात एका बाजूला होतो. शेवटी माणसं कंटाळली. 2024 च्या लोकसभेला समितीच्या उमेदवाराला बेळगावात दहा हजारांच्या आसपास मतं पडली. तीन वर्षांपूर्वी हीच मतं लाखाच्या वर होती.

ती लाखभर मतं कुठं गेली? येळ्ळूर, उचगाव, हिंडलगा, सुळगा, कंग्राळी या पट्ट्यातल्या बूथांचे कागद मी वाचलेत. माझ्या वाचनात त्यातली बहुतेक भाजपकडं गेली आणि थोडी काँग्रेसकडं. पण 2021 नं हेही दाखवलं की ही मतं कुणाच्या दावणीला बांधलेली नाहीत. आपला असा एक पर्याय दिसला तेव्हा ती दोन वर्षांत उठून आली होती. जी मतं एकदा उठू शकतात ती पुन्हाही उठू शकतात. राहुल गांधींना ती मिळत नाहीत कारण त्यांनी ती कधी मागितलीच नाहीत.

मागायची कशी, हे सांगतो. सीमाप्रश्नावर कुठलाही राष्ट्रीय पक्ष बेळगावात येऊन महाराष्ट्राच्या बाजूनं बोलणार नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि डिसेंबर 2022 ला कर्नाटक विधानसभेत ठराव आला तेव्हा काँग्रेस आणि भाजप एका सुरात होते. त्यामुळं ती अपेक्षा मी धरत नाही. पण राहुल गांधी प्रत्येक सभेत लाल कव्हरचं संविधान हातात धरतात. त्या पुस्तकात कलम 350-अ आहे: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. 350-ब आहे: भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा विशेष अधिकारी असावा. या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय बेळगावात होतं, ते चेन्नईला हलवलं गेलं. ज्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व कितीतरी दशकं जुनं आहे. आपण सातबाऱ्याचे उतारे, घरपट्टीच्या नोटिसा, बसवरच्या पाट्या मराठीतही मागतो तेव्हा याच पुस्तकातलं मागतो.

आणि राज्यात सरकार त्यांच्याच पक्षाचं असताना 2024 ला पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा झाला. कन्नड भाषेचा मान राखायला माझी हरकत नाही, माझी नातवंडं कन्नड उत्तम बोलतात. पण संविधान हातात घेऊन देशभर फिरणाऱ्या नेत्यानं बेळगावच्या सभेत एकदा तरी 350-अ चं नाव घ्यायला हवं होतं. ते घेतलं असतं तर तुझे वडील काँग्रेसला मत देतील असं मी म्हणत नाही. पण त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता.

हे मी रागानं लिहीत नाही. काँग्रेसचं या शहराशी जुनं नातं आहे. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींनी ज्या एकमेव अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं ते इथं टिळकवाडीत झालं. काँग्रेस विहीर अजून तिथं आहे, काँग्रेस रोडवरून आपण रोज जातो. शताब्दीला डिसेंबर 2024 मध्ये पक्षाच्या कार्यसमितीची बैठक इथं भरली, रस्ते दिव्यांनी सजले. मनमोहन सिंगांचं निधन झालं म्हणून दुसऱ्या दिवशीची सभा पुढं ढकलली, ती जानेवारी 2025 ला झाली. घोषणा होती 'जय बापू, जय भीम, जय संविधान'. या घोषणेचा मधला भाग आपल्या जिल्ह्यात खरा चालला, हे मान्य केलं पाहिजे. निपाणीत 1925 ला बाबासाहेबांनी परिषद घेतली होती. त्या भागात, आणि कुडची-रायबागच्या राखीव मतदारसंघांत, 2024 ला संविधान बदलाची भीती लोकांच्या बोलण्यात होती. प्रियांका जारकीहोळींच्या विजयात घराण्याखालोखाल वाटा त्या भीतीचा होता, असं माझं मत आहे. राहुल गांधींचा स्वतःचा असा प्रभाव मला जिथं दिसला तो हा. पण 2029 ला भाजपनं "चारशे पार"ची घोषणा पुन्हा दिली नाही तर तीच भीती तेवढ्या जोरानं उभी राहणार नाही.

ऊसकऱ्यांबद्दल थोडक्यात. साखरेची किमान विक्री किंमत केंद्रानं 2019 ला 31 रुपये किलो केली. ती तिथंच अडकली, म्हणून कारखाने दर देत नाहीत, असं काँग्रेस सांगते, आणि त्यात तथ्य आहे. पण नोव्हेंबर 2025 ला मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूरला शेतकरी उसाला टनामागं 3,500 रुपयांच्या दरासाठी रस्त्यावर बसले तेव्हा त्यांच्या समोर उभं होतं ते राज्य सरकार, काँग्रेसचं. दिल्लीत विरोधक आणि बंगळुरात सत्ताधारी असण्याची ही किंमत आहे. शेतकरी ज्याच्या दारात जाऊ शकतो त्यालाच जाब विचारतो.

मतदार याद्यांचा मुद्दा राहुल गांधींनी 2025 पासून धरलाय. बंगळूर मध्य लोकसभेतल्या महादेवपुऱ्यात एक लाखाहून जास्त मतं संशयास्पद असल्याचा आरोप त्यांनी केला. निवडणूक आयोगानं तो फेटाळला आणि शपथेवर लिहून मागितलं. पुढं कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये सहा हजारांवर नावं वगळण्याच्या अर्जांचं प्रकरण पुढं आलं, त्याला राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. माझा अनुभव असा की याद्या कुठंच स्वच्छ नसतात आणि सीमेवर तर नाहीतच. घर बेळगावात आणि शेत चंदगडात, म्हणून दोन्हीकडं नाव, अशी माणसं आहेत. मेलेल्या माणसाचं नाव दोन-दोन निवडणुका राहतं आणि जिवंत माणसाचं निघून जातं. एकदा मतदानादिवशी एका गावात एका गल्लीतली सतराएक नावं नव्हती. बायका ओळखपत्रं घेऊन आल्या आणि रडत परत गेल्या. अधिकाऱ्याला दोष देऊन मी मोकळा झालो नाही, कारण मसुदा यादी दोन महिने आधी लागली होती आणि आमच्यापैकी कुणी ती वाचली नव्हती. मी सुद्धा नाही. ते मला अजून टोचतं.

त्यामुळं "मतचोरी" हा शब्द सभेत टाळ्या घेतो, पण त्याचं मतांत रूपांतर करायचं तर प्रत्येक बूथला पक्षाचा एक प्रतिनिधी हवा जो नवं नाव घालायचा फॉर्म 6 कुणी भरला, नाव वगळायचा फॉर्म 7 कुणावर भरला, दुरुस्तीचा फॉर्म 8 कुणाचा अडलाय हे बीएलओबरोबर, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाबरोबर, बसून बघेल. बेळगाव शहरातल्या कितीतरी बूथांवर असा माणूस भाजपकडं आहे. काँग्रेसकडं आमदाराची माणसं आहेत, पक्षाची नाहीत, आणि आमदाराची माणसं लोकसभेला निम्म्या जोरानं फिरतात. मी हे 2014 ला पाहिलं, 2019 ला पाहिलं, 2024 ला पाहिलं.

देशाचा हिशेब यातूनच पुढं जातो. 2024 ला भाजप 240, काँग्रेस 99, एनडीए 293, इंडिया आघाडी 234. बहुमताला 272 लागतात, म्हणजे आघाडीला 38 कमी पडल्या. ऐकायला थोड्या वाटतात. पण आम आदमी पक्ष आघाडीतून बाहेर पडलाय. लोकसभेनंतर हरियाणा गेलं, महाराष्ट्र गेलं, 2025 ला बिहारमध्ये काँग्रेसच्या हाती 6 आमदार आले. मित्रपक्षांनी उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत 2024 ला कमाल केली होती, तिथं वाढायला जागा फारशी उरलेली नाही. वाढ व्हायची तर ती काँग्रेस आणि भाजपच्या थेट लढतींत. अशा दोनशेहून जास्त जागा होत्या आणि काँग्रेसला त्यातल्या सुमारे तीस टक्के मिळाल्या. 2019 ला दहातली एकही धड मिळाली नव्हती, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी मध्य प्रदेशात 29 पैकी शून्य, गुजरातमध्ये 26 पैकी एक, छत्तीसगडमध्ये 11 पैकी एक, दिल्ली आणि हिमाचलमध्ये शून्य. त्या राज्यांत एकदम पालट होईल असं आज मला दिसत नाही. कर्नाटक हे असं राज्य आहे जिथं पक्षाची संघटना आहे, नेते आहेत, पैसा आहे, 45 टक्के मतं आहेत आणि तरी 19 जागा हातातून गेल्या. राहुल गांधींना 99 चे 140 करायचे असतील तर पहिल्या दहा-बारा इथूनच यायला हव्यात. इथून आल्या नाहीत तर त्या कुठून येणार, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

त्यांच्या स्वतःबद्दल माझं मत विचारलंस तर: 2014 आणि 2019 ला आमच्या गावात त्यांचं नाव निघालं की चर्चा संपायची. आता तसं होत नाही. दहा वर्षं रिकामं राहिलेलं विरोधी पक्षनेतेपद 2024 ला भरलं गेलं आणि ते तिथं उभे राहून बोलतात, हे लोक बघतात. भारत जोडो यात्रा कर्नाटकातून गेली ती चामराजनगर, म्हैसूर, तुमकूर, बळ्ळारी, रायचूर अशी, आपल्या जिल्ह्यात आलीच नाही. तरी यात्रेनंतर माणसाकडं बघण्याची नजर बदलली. आदर वाढलाय, विश्वास अजून यायचाय. "हा माणूस प्रामाणिक आहे" असं म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. "याच्या हातात देश दिला तर चालेल" असं म्हणणारे त्यातले थोडे. वरच्या थरातली ती तीन लाख मतं या दुसऱ्या वाक्याची वाट बघतायत.

2029 आधी मी काय बघणार आहे ते सांगतो. बेळगावात काँग्रेस पुन्हा मंत्र्याच्या घरात तिकीट देते की बाहेर. 2028 ला समिती एक उमेदवार देते की दोन, कारण समिती उभी राहिली तर लोकसभेला भाजपचा वरचा थर पातळ होतो, हे 2021 नं सिद्ध केलंय. मोदी स्वतः पुन्हा चेहरा असतात की नाही, हे तर सगळ्यांत मोठं, कारण तो तीन लाखांचा थर त्यांच्या नावावर उभा आहे, पक्षाच्या नाही. जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना 2029 आधी झाली तर मात्र माझे हे सगळे आकडे नव्यानं मांडावे लागतील.

आता तुझ्या मताचं. 2021 चा 5,240 चा फरक आठ विधानसभा मतदारसंघांत वाटला तर एकेका मतदारसंघामागं 655 मतं येतात. उचगाव, सुळगा आणि हिंडलगा या तीन गावांतली पुण्या-मुंबईला गेलेली पोरं मोजली तरी त्याहून जास्त भरतील. मतमोजणीच्या दिवशी आरपीडी कॉलेजमध्ये शेवटच्या फेऱ्यांपर्यंत कुणी खुर्चीवरून उठलं नव्हतं. पुढं-मागं होत असलेला तो आकडा मी पेन्सिलीनं लिहीत होतो, पेन वापरायचा धीर झाला नाही. म्हणून वाया जाण्याचं भय काढून टाक. आधी बघ तुझं नाव उचगावच्या यादीत आहे की पुण्याच्या. दोन्हीकडं असेल तर एकीकडचं काढायचा अर्ज या आठवड्यातच कर, नंतर राहून जातं.

आणि सुट्टीला आलास की थोरल्या भावाशी वाद घालण्याआधी त्याला एक विचार: 2023 ला आमदारकीला मत कुणाला दिलंस? ग्रामीणमध्ये काँग्रेस पन्नास हजारांहून जास्त फरकानं आली होती. उचगावच्या भाजपवाल्या घरांतून मत न पडता तो आकडा होत नाही. त्यानं खरं उत्तर दिलं तर मला कळव.